सेंटरमधला बांगड्यांचा गाळा

राहनाळच्या रस्त्याला आमचं भाताचं शेत होतं. बिल्डरने ते आणि आजूबाजूची शेतं घेऊन तिथे शॉपिंग सेंटर बांधलं आणि जमिनीच्या बदल्यात घरटी एकेक गाळा दिला. म्हणजे मालक सगळे आमच्याच गावचे, एकमेकांचे भाऊबंद. शेत गेल्यापासून आई घरात नुसती येरझाऱ्या घालायची. वडिलांनी गाळ्याची चावी तिच्याच हातात दिली. तिने बांगड्यांचं दुकान टाकलं.

सुरुवातीला मजा होती. शुक्रवारी लूमला, म्हणजे कापडाच्या मागांना, सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. गणेशपुरीकडच्या बायका नवरीला घेऊन एसटीने चुडा भरायला यायच्या. सरकत्या जिन्यासाठी सोडलेल्या खड्ड्यात बिल्डरने जिना कधी बसवलाच नाही, पण लोक तो खड्डाही कौतुकाने बघायचे. आई नवरीचा हात हातात घेऊन तिला गप्पांत असं गुंतवायची, की बांगडी कधी चढली ते पोरीला कळायचं नाही. आपली आई इतकं बोलते, हे मला तिथे कळलं.

गावात कोणी गेलं की त्या दिवशी कुणी शेतावर जायचं नाही, ही आमची रीत. ती आम्ही उचलून तशीच सेंटरमध्ये आणली. कुणाची चुलत आजी गेली, सगळी शटर खाली. कुणाचा वडपे गावातला मामा गेला, पुन्हा खाली. मे महिन्यात ऐन गिऱ्हाइकाच्या दिवसांत आम्ही सगळे कुणाच्या तरी हळदीत नाचत असायचो. अकलेचे कांदे नुसते.

एकदा शुक्रवारीच गावातलं एक म्हातारं माणूस गेलं. आम्ही दोघी दुकान बंद करत होतो, तेवढ्यात लूमवर काम करणारा एकजण लग्नाच्या मुलीला घेऊन आला.

"पिछले हफ्ते भी बंद था," तो वैतागून म्हणाला. "यहाँ हर जुम्मे को कोई मरता है क्या?"

मी आईला म्हटलं, "भरून दे ना पटकन. कोण बघतंय?"

"न्हाय," आई म्हणाली. "आपलं मानूस गेलंय. उद्या आपल्या घरात झालं तं?"

तो माणूस पुन्हा आला नाही. हळूहळू कुणीच येईना. भाड्याने आलेला साडीवाला गेला, मग चपलांचं दुकान गेलं. त्यांच्या जागी गोडाऊनवाले आले आणि गाळ्यांत खोकी भरली. घरबसल्या भाडं मिळतंय म्हटल्यावर एकेका भाऊबंदाने दुकानदारीतून अंग काढून घेतलं. सेंटर बुडालं याचं कुणाला वाईट वाटलं नाही. मलाही नाही. आई तेवढी खोक्यांमधून वाट काढत रोज जाऊन दुकान उघडायची. वडील म्हणायचे, देऊन टाक तूही. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

वडील गेले तेव्हा ती दुकानातच होती. निरोप मिळाला तशी सगळं उघडं टाकून धावत आली. दुपारी माणसांनी घर भरलं, भाऊबंद रडले, अगदी मनापासून रडले. मग आईने मला जवळ बोलावलं.

"जा, शटर खाली कर."

मी गेले. बाकीच्या गाळ्यांसमोर टेम्पो उभे होते, हमाल खोकी उतरवत होते. भाड्याने न गेलेला गाळा एकच होता, आमचा. मी शटर ओढलं. आता रडू येईल असं वाटलं, म्हणून थोडी थांबले. आलं नाही. एका हमालाने बाजूला व्हायला सांगितलं, मी झाले.

दहावं झाल्यावर मी चावी आईपुढे ठेवली. म्हटलं, उद्यापासून मीही येते बसायला. तिने आपले मोकळे हात पदराखाली घेतले.

"आता माझ्या हातनं कंची नवरी बांगऱ्या भरंल?"

तिने चावी माझ्याकडे सरकवली.

"दे त्या खोकीवाल्यांना," म्हणाली.