शेळीचे वरचे दात

मी नववीत असताना आमच्या इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर 'रिपोर्ट' असा शब्द लिहिला, तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटलं की आता पोलिसात तक्रार कशी लिहायची ते शिकवणार. बाकीच्यांना रिपोर्ट म्हणजे दवाखान्यातला, रक्ताचा. बाई म्हणाल्या, हा माहितीचा रिपोर्ट. एखादा प्राणी, झाड, अवजार, काहीही घ्यायचं आणि ज्याने ते कधी पाहिलंच नाही अशा माणसाला ते इंग्रजीत समजावून सांगायचं. पहिल्याच वाक्यात ती गोष्ट काय आहे ते आलं पाहिजे. मग ती दिसते कशी, राहते कुठे, खाते काय. एका परिच्छेदात एकच बाब. 'मला आवडते', 'फार छान आहे' असलं काही नको. आणि 'मी' हा शब्द तर कुठेच नको.

आमची शाळा वेल्ह्याच्या खोऱ्यातली, आणि आमची धनगरवस्ती तिच्या वर, तासाभराच्या चढावर. बाई रोज नसरापूरहून एसटीने यायच्या. वयाने तरुण, अंगाने बारीक, आणि चालायच्या मात्र भराभर, जणू गाडी चुकणार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वह्या दिल्या. कुणी कांगारूवर लिहिलं होतं, कुणी पेंग्विनवर. मी देवमासा लिहिला होता, गाईडमधून अक्षर न अक्षर उतरवून. बाईंनी वही वाचली आणि शांतपणे विचारलं, "यातलं तू काय पाहिलंस?" मग त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, घरी जाऊन जे तपासता येईल त्यावरच पुन्हा लिहा.

आमच्या घरी तपासण्यासारखं म्हणजे शेळ्याच होत्या. त्यात एक काळी शेळी होती, ती तोंडाने कुडाच्या दाराची कडी काढायची आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर पडायची. मी पहिल्या वाक्यापासून तिच्यावरच लिहिलं. ती किती हुशार, किती लाडकी. बाईंनी 'हुशार'वर काट मारली आणि 'लाडकी'वरही. कडीच्या वाक्याखाली लिहिलं, सगळ्या शेळ्या असं करतात का?

संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिला विचारलं. ती म्हणाली, समद्यांना न्हाई येत ते, हिलाच येतं. म्हणजे काळी शेळी रिपोर्टातून बाहेर गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी वही मिटून बसले. थोड्या वेळाने आईनेच विचारलं, मग काय लिवायचं असतंय त्यात? मी बाईंचे प्रश्न एकेक करून तिला सांगत गेले आणि ती भाकऱ्या करता करता उत्तरं देत गेली. शेळी पाच महिने गाभण असते. मेंढी खाली मान घालून गवत खाते, शेळीला पाला लागतो, त्यासाठी ती मागच्या पायांवर उभी राहते. पाऊस तिला सोसत नाही. तिचं वय दातांवरून कळतं, आणि हे दात फक्त खालच्या बाजूला असतात. वरती पुढे दातच नसतात.

इतकी वर्षं त्याच घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं. मी सगळं इंग्रजीत बसवलं. माझं इंग्रजी कसलं, शब्दकोशातून एकेक शब्द वेचून. 'अवर गोट' खोडून 'गोट्स' केलं, म्हणजे आमची शेळी जाऊन जगातल्या सगळ्या शेळ्या आल्या.

बाईंनी दातांच्या वाक्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं आणि मी आईचं नाव घेतल्यावर वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पाहायला हवं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या खरंच माझ्याबरोबर निघाल्या. पायात साध्या चपला. करवंदीच्या जाळ्यांतून जाताना साडी दोनदा अडकली, पण त्या थांबल्या नाहीत. आई त्यांना पाहून गडबडली, पदर सावरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाईंनी पाणी प्यायच्या आधीच येण्याचं कारण सांगितलं. आईने एक शेळी गुडघ्यांत धरली आणि तिचा वरचा ओठ उचलला. बाईंनी स्वतःचं बोट घालून हिरडी चाचपली. मग माझी वही मागून घेतली, लाल प्रश्नचिन्ह खोडलं आणि शेजारी बारीक सही केली.

चहा झाल्यावर आई म्हणाली, काय लिवलंय ते मला बी ऐकवा. बाईंनी आधी इंग्रजीत वाचलं, मग एकेक वाक्य मराठीत सांगितलं. आईने सगळं मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर ती म्हणाली, "बाई, ह्यात आमी कुठं न्हाई?"

बाईंनी समजावलं की अशा लिखाणात लिहिणारा येत नाही.

"लिवणारी नको येऊ द्या," आई म्हणाली. "पर राखणारं माणूस नको व्हय? शेरडं काय आपुआप जगत्यात?"

बाईंनी वहीचं पुढचं कोरं पान उघडलं. मग मला म्हणाल्या, हीसुद्धा माहितीच आहे, एक परिच्छेद राहिलाय. तिथेच, शेणाने सारवलेल्या ओट्यावर बसून आम्ही तो लिहिला. डोंगरातल्या वस्त्यांवर शेळ्या बहुतेक बायकाच राखतात. त्या सकाळी शेळ्या सोडतात, दिवसभर त्यांच्यामागे फिरतात, आजारी शेळी खांद्यावर घेऊन येतात. त्या परिच्छेदात 'मी' नव्हतं आणि आईचं नावही नव्हतं. आईने तो आमच्याकडून दोनदा वाचून घेतला.

बाईंना रस्त्यापर्यंत सोडायला मी गेले. उतारावर त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांची सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ रसवंती होती आणि हायवेवरच्या ट्रकांवरची अक्षरं वाचून त्या इंग्रजी शिकायला लागल्या. दातांचं म्हणाल तर ते त्यांनी शुक्रवारीच एसटीत बसून मोबाईलवर पाहिलं होतं. मी विचारलं, मग एवढा डोंगर का चढलात? त्या म्हणाल्या, "वाचलं होतं गं. पाहिलं नव्हतं."

तो रिपोर्ट शाळेच्या फलकावर महिनाभर होता. पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली, भाटघरच्या बाजूला कुठेतरी, एवढंच कळलं.

आता मी वरव्याजवळच्या एका कारखान्यात काम करते. सुट्या भागांची तपासणी करून दिवसाला पाच-सहा रिपोर्ट इंग्रजीत लिहिते. आईचे गुडघे गेले, शेळ्या विकल्या, ती माझ्याजवळ राहायला आली. गेल्या वर्षी तिला डोळे दाखवायला भोरला नेलं होतं. स्टँडवर एक बाई आमच्या पुढून भराभर गेली आणि भाटघरच्या गाडीत चढली. मी आईला बाकावर बसवून धावत गेले आणि खिडक्यांतून एकेक चेहरा पाहत गाडीच्या कडेने चालले. दुसरंच कुणी होतं. कंडक्टरने विचारलं, यायचंय का? मी नाही म्हटलं, आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.