मेयरच्या आईचा निरोप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि आता तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड कळत नाहीये.

मी सिडनीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रक्ताच्या एका नळीवरचं लेबल चुकलं तरी आमच्याकडे लेखी जबाब द्यावा लागतो. त्यामुळे खऱ्या-खोट्याच्या बाबतीत आपण काटेकोर, असं माझं मलाच वाटायचं. पण माझा मराठीचा हात बरा आहे ना, म्हणून आमच्या इथल्या मराठी मंडळात कोणाचाही सत्कार असला की शाल कोणीतरी आणतं, श्रीफळ वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या देशी दुकानातून येतं आणि मानपत्र मी लिहिते. ते वाचताना चार बायकांनी पदर डोळ्यांना लावला नाही तर मला चैन पडत नाही. हो, आहे मला ती खोड.

कॉनर सिडनीतल्या आमच्या भागाच्या कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, मेयर होता. भागाचं नाव राहू द्या. आयर्लंडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी आला, भिंतींना प्लास्टर करायची कामं केली, मग कौन्सिलर, मग मेयर. सगळेच त्याला नावाने हाक मारायचे, म्हणून मीही अरे-तुरे करतेय. आमच्या गणपतीला कौन्सिलचा हॉल मिळाला तो त्याच्यामुळे. त्याआधी आम्ही कोणाच्या तरी गॅरेजमध्ये आरत्या म्हणायचो. तो मेयरपदावरून उतरला तेव्हा मंडळाने सत्कार ठरवला, आणि मी वही घेऊन त्याच्या घरी गेले.

चहा त्यानेच केला. भरपूर बोलला, हसवलं. मग मी आईचं विचारलं — विचारायलाच नको होतं का? त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, आईला न सांगताच निघालो. जत्रेला जातो म्हणून घरातून बाहेर पडला आणि थेट बोटीवर चढला. तो परतला नाही तेव्हा आई जत्रेत जाऊन ज्याला त्याला विचारत फिरली, हे पुढे बहिणीच्या पत्रातून कळलं. दुसऱ्याच वर्षी आई गेली. भेट नाहीच. उरली ती ही बहीण, नोरा. दर रविवारी तिचा फोन यायचा, इतकी वर्षं, न चुकता.

"हे लिहू नकोस हं," एवढंच तो शेवटी म्हणाला.

नाहीच लिहिलं. शब्द पाळला म्हणा! पण मानपत्र आणि त्यात आई नाही? आमच्यात ते शोभतच नाही हो. माऊलीचा आशीर्वाद, पाणावलेले डोळे — हाताला इतकी सवय झालेली की पेन थांबलंसुद्धा नाही. लिहून मोकळी झाले: दारात उभ्या माऊलीने भरल्या डोळ्यांनी लेकाला निरोप दिला. मला त्याची दया आली होती का? का नुसत्या टाळ्या हव्या होत्या? खरं सांगते, अजून उलगडत नाही.

सत्काराला मी मराठीतून वाचलं. तो एक अक्षर न कळता मान डोलावत होता, आणि पदर-बिदर सगळं झालं. फ्रेममध्ये खाली इंग्रजी भाषांतर होतं, तेही माझंच. त्याच्या मुलीने कौतुकाने फोटो काढून नोराआत्याला पाठवला.

त्या रविवारी नोराचा फोन आला, तो शेवटचा. आई वेड्यासारखी जत्रेत तुला शोधत होती, आणि तू तिला दारात उभी करून स्वतःचा सत्कार करून घेतोस — असं ती म्हणाली आणि फोन ठेवला. हे मला कॉनरनेच फोन करून सांगितलं. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "हे तुला कुठून मिळालं?"

तेव्हा सांगता येत होतं. माझं चुकलं, आमच्याकडे असं लिहायची रीत आहे, मी नोराशी बोलते. एवढंच तर सांगायचं होतं. मी म्हटलं, "तूच सांगितलंस की."

तो म्हणाला, "असेल. सांगितलं असेन मी."

पंचाहत्तरीच्या माणसाने स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. वही माझ्याकडे होती ना! त्याने नोराला माफीचं पत्र लिहिलं — न बोललेल्या खोट्याची माफी. तिचं उत्तर आलं नाही. मी काय केलं? पुढच्या गणपतीला त्याला मोदक नेऊन दिले.

आता तो एज्ड केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात असतो. मी महिन्यातून एकदा जाते. बरंच विसरतो. आईची गोष्ट मात्र नर्सला, शेजारच्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना सांगतो, आणि ती माझी गोष्ट असते — दारातली, भरल्या डोळ्यांची. सांगताना चेहरा इतका निवांत होतो की क्षणभर वाटतं, बरंच केलं की मी. आणि लगेच स्वतःची शिसारी येते. येते ना? का मी तसं म्हणतेय फक्त?

गेल्या महिन्यात नोरा वारली. मुलीने त्याला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मुलगी डोळे पुसत बाहेर गेली, आणि त्याने माझा हात धरला.

"नोरा माझ्यावर कशासाठी रागावली होती? तुला काही माहीत आहे का?"

मी म्हटलं, "नाही रे."