वाघमावशीचे फौजदार

वाघमावशी माणसांना अरे-तुरे करायची आणि मांजरांना अहो-जाहो. दळण घेऊन आलेल्या मोठ्या साहेबालाही तिने कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. पण उंबऱ्यात बोका आडवा पडलेला दिसला की पदर सावरून म्हणायची, "सरकता का थोडं? आमाला आत जायचंय." बोका सरकला नाही तर तीच वळसा घालून मागच्या दाराने जायची. मांजर वाघाची मावशी आणि ही मांजरांची मावशी, म्हणून गारखेड्यात सगळे तिला वाघमावशी म्हणत. नाव शोभायचंही. तिला कशाची म्हणून भीती वाटत नसे.

मला सगळ्याचीच वाटायची. सोयगावहून नोकरीसाठी शहरात आले तेव्हा तिच्या पिठाच्या गिरणीमागची खोली मी भाड्याने घेतली. ट्रंक ठेवून वळले तर खिडकीत तो बसलेला. अंग सायीच्या रंगाचं, तोंड मात्र काजळी फासल्यासारखं काळं, आणि त्या काळ्यात दोन निळे डोळे. डोळे किंचित तिरळे होते, त्यामुळे तो माझ्याकडे पाहतोय की माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे, तेच कळेना. मग त्याने तोंड उघडलं आणि तान्ह्या मुलासारखा मोठ्याने रडला. मी अनवाणी गिरणीत पळाले.

"अगं, ते फौजदार हायेत," गिरणी न थांबवता मावशी ओरडली. "सयामी जात. नवं माणूस आलं की चौकशी करत्यात. तू कशाला भेतीस?"

मांजरांच्या जाती ती सोयरिकीतल्या घराण्यांसारख्या सांगायची. हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती परकरातली पोर होती. शेजारचं एक कुटुंब हैदराबादला निघालं होतं. त्या घरच्या बेगमसाहेबांनी टांग्यात चढता चढता पांढरीशुभ्र इराणी मांजर हिच्या कडेवर दिली आणि डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "इसकू तू नक्को बोलना, बेटी." त्या बाई परत आल्या नाहीत. मावशीने मात्र त्यांचा शब्द पुढच्या सगळ्या मांजरांना लावून पाळला.

"इराणी म्हंजी लई मिजास," ती सांगायची. "भुकेनं जीव गेला तरी मागायची नाय. आपुनच वळखून पुढ्यात ठिवायचं. सयामीचं तसं नाय. ते हक्कानं मागणार, नाय दिलं तर भांडणार, आन् अंगावर कुत्रं आलं तरी जागा सोडणार नाय." गिरणीत उंदीर भरपूर. त्या पहिल्या इराणी मांजरीच्या वंशातली बेगम नावाची मांजर पोत्यावर बसून ते येता-जाता बघत असे, मारायचं काम फौजदारांचं. मारलेला उंदीर ते माझ्या दारात आणून ठेवत. तो माझा मान आहे असं मावशीचं म्हणणं होतं. त्या मानापायी मी कित्येकदा न जेवता कचेरीत गेले.

माझ्या भीतीला आणखी एक मूळ होतं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका काकांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्यांना तहान लागायची आणि पाण्याचा तांब्या समोर आणला की ते भिंतीशी जाऊन किंचाळायचे. ते गेले तेव्हा मोठ्यांनी आम्हाला घरात कोंडलं होतं, पण आवाज आत येत होता. तो आवाज माझ्या कानातून कधीच गेला नाही.

त्या वर्षी एक गावठी बोका गिरणीच्या पत्र्यावर यायला लागला. फौजदार त्याच्याशी रोज भांडत आणि कान फाडून घेऊन घरी येत. अशाच एका संध्याकाळी ते माझ्या गोधडीत शिरून झोपले होते. मला दिसलं नाही. मी गोधडी ओढली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. नुसतं ओरबाडलं नाही, दात आत गेले.

मावशीने साबणाने हात धुऊन दिला आणि स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस मांजर बांधून ठेवा, लक्ष ठेवा. ते बिघडलं किंवा मेलं तर इंजेक्शनं घ्यावी लागतील, पोटात. त्या काळी तसंच सांगत; आता कुणी वाट बघत नाही, आणि बघूही नये.

घरी आल्यावर मी दोरी आणली. मावशीने ती हातातून काढून घेतली. "फौजदारांना दोरी? इज्जत काढायची का त्यांची चारचौघांत?" मी रडायलाच लागले. काकांची सगळी गोष्ट तिला सांगितली. ती ऐकत राहिली. मग फौजदारांना मांडीवर घेतलं, आपलं बोट त्यांच्या तोंडात घातलं आणि ते चिडून कडकडून चावेपर्यंत हलवत राहिली. रक्ताचं बोट माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे बघ. आता तुला जे व्हईल ते मला. एकटीनं भ्यायचं काम नाय. जा, जेवून घे."

असली समजूत वाघमावशीच घालू जाणे. माझी भीती कमी व्हायची ती दुप्पट झाली. आता मला तिचीही काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार घरात नव्हते. दुपारीही आले नाहीत. गिरणी बंद ठेवून मावशी पातेलं आणि पळी घेऊन निघाली. पातेल्यावर पळी वाजली की मांजरं जेवायला यायची, ही तिची रीत. तेव्हा गारखेड्याच्या पुढे शेतंच होती. ती बांधाबांधाने पातेलं वाजवत, "फौजदार, या हो, घरी या," म्हणत थेट मुकुंदवाडीच्या स्टेशनापर्यंत गेली. मी तिच्या मागोमाग. प्रत्येक झुडपाआड मला मेलेलं मांजर दिसत होतं. खरं तर काहीच नव्हतं. लोक हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "बाई, फौजदार हवा तर ठाण्यात जा की!" मावशीने त्याला एक शिवीही दिली नाही, तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

परत येऊन ती माझ्या उंबऱ्यावर बसली. पातेलं बाजूला ठेवलं. "सुमे," ती हळू आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटाय लागलंय गं. आजवर ज्याला भ्यायला पायजे त्यालाच मी भ्याले नाय."

मी तिचा हात धरला आणि दोघी दवाखान्यात गेलो. मांजर सापडत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी लगेच सुरुवात केली. रोज सकाळी दोघींच्या पोटात एकेक इंजेक्शन. सुई पाहिली की मावशी पडद्याआड मला आधी ढकलायची आणि बाहेरून विचारायची, "जिती हायस का?"

इंजेक्शनं संपली तेव्हा प्रकरण मिटायला हवं होतं. पण दळणाला आलेल्या एका बाईने सांगितलं, की हे विष अंगात दबा धरून बसतं आणि कितीही वर्षांनी आभाळ गडगडलं की उसळतं. डॉक्टर म्हणाले, खुळचटपणा आहे. आम्हाला डॉक्टरांपेक्षा त्या बाईचं खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मावशी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या दारात उभी. "पी. मी बघते. मग मी पिते, तू बघ." मी प्याले. तिची नजर माझ्या गळ्यावर. मग ती प्याली. घोट खाली उतरला की दोघींचाही श्वास सुटायचा.

हे रोज चाललं. फौजदार परत आले नाहीत. ते कुठे भांडायला गेले, की कुणाच्या गाडीखाली आले, की खरोखरच पिसाळले होते, कधीच कळलं नाही. पुढे माझं लग्न झालं, मी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. तरी आभाळ भरून आलं की मावशी तांब्या घेऊन यायची. आमच्या ह्यांना फार गंमत वाटायची. "झाली का तुमची परीक्षा?" असं विचारायचे. आम्हाला मात्र त्यात कधी हसू आलं नाही. वर्षं गेली, केस पिकले, पण एकमेकींच्या गळ्याकडे आम्ही पहिल्या दिवसासारख्याच रोखून बघायचो.

मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. भाचीने निरोप पाठवला तशी मी धावत गेले. तिला दवाखान्यात ठेवलं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं. नर्सने चमच्याने पाणी घातलं, ते ओठांच्या कडेने वाहून गेलं आणि तिला जोराचा ठसका लागला. गिळायची ताकद गेली आहे, आता तोंडाने काही देऊ नका, असं डॉक्टर भाचीला समजावत होते. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. चांगल्या हाताने तिने माझी बाही ओढली आणि वाकड्या तोंडाने म्हणाली, "आलं गं, सुमे. ते आलं."

भाचीला काही कळलं नाही. मला कळलं. हिला आलं तर मलाही येणार, असं त्या क्षणी मला अगदी खरं वाटलं. एवढी शिकलेली मी, मुलं-नातवंडांची मी, पण उशाशी ठेवलेला पाण्याचा ग्लास मी दोनदा उचलून खाली ठेवला. मला काका दिसत होते.

तिला माझा गळा नीट दिसावा म्हणून मी ग्लास घेऊन पलंगाच्या कडेला बसले आणि मान वर केली. पहिला घोट घशाशी अडला. मी तो रेटून खाली ढकलला. मग दुसरा. "बघा मावशी," मी म्हणाले, "उतरतंय. मला काही झालं नाही. म्हणजे तुम्हालाही नाही. हे दुसरंच दुखणं आहे."

ती टक लावून बघत राहिली. ग्लास संपला तशी तिची बाहीवरची पकड थोडी सैल झाली.

"आनिक," ती म्हणाली.

मी ग्लास भरून घेतला. तिचा डोळा लागेपर्यंत मी तिच्यासमोर पाणी पीत होते. ती पुन्हा जागी झाली नाही.