तालमीत न म्हटलेलं वाक्य

शेवटच्या वाक्यापाशी आले, की साहेब ओठांवर बोट ठेवत. "प्रयोगाच्या दिवशी, मित्रा. त्याआधी नाही."

नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारलं तर नाटक पडतं, ही विलायतेतल्या जुन्या नटांची समजूत. मेलबर्नच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात ते वाक्य नेमकं साहेबांच्या तोंडी, तेही मराठीत. नाटक बसवत होतो मी. मला गॅस बंद केलाय का, हे दोनदा पाहिल्याशिवाय झोप येत नाही. माझं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

साहेब म्हणजे क्लेटन उपनगरातले आमचे इंग्रज शेजारी. उभी हयात इंग्लंडच्या टीव्हीवर बटलर, न्यायाधीश आणि प्रेतं करण्यात गेली. "न्यायाधीशाकडे कोण बघतं? सगळे आरोपीकडे बघतात. प्रेताकडे मात्र सगळे बघतात." म्हातारपणी मुलीकडे म्हणून आले, मुलगी नोकरीसाठी डार्विनला गेली, हे इथेच राहिले. कचऱ्याचा बिन बाहेर काढतानाही टाय लावत. एकदा कुंपणापलीकडे त्यांचा मरण्याचा सराव ऐकून मी ॲम्ब्युलन्स बोलावली. रागावले नाहीत. उलट खुशीत विचारलं, "खरंच वाटलं?"

नाटकात ते गाव सोडून जाणारे गोरे कलेक्टर होते. बाकीची वाक्यं चोख. शेवटी मात्र ओठांवर बोट.

"अहो, येतंय की नाही, एवढं तरी कळू द्या!" मी वैतागलो.

"तू नारळ फोडल्याशिवाय पडदा उघडू देतोस?"

मी तालीम आवरली.

प्रयोगाच्या आठवड्यात छातीत दुखून ते हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी नाटकाला साफ नाही म्हटलं. मी त्यांच्या उशाशी बसलो. "आता प्रयोगच नाही तुमचा. निदान मला म्हणून दाखवा. मी तसंच म्हणेन."

ते छताकडे बघत म्हणाले, "आत्ता म्हटलं, तर रविवारी यायला माझ्याकडे कारण काय उरलं?"

शनिवारी ते गेले.

रविवारी कलेक्टर मीच झालो. त्यांच्या मापाचा कोट खांद्यांवरून घसरत होता. दारापाशी वळून मी म्हणालो, "दार लावू नका. मी निघालोच आहे." टाळ्या पडल्या.

विंगेत बायको कोट काढून घेत होती. "बरोबर म्हटलंस," ती म्हणाली. मग कोटाची घडी घालत, "ते कसं म्हणाले असते रे?"

"मला काय माहीत!" मी तिच्यावरच ओरडलो.