पाटी कधी उचलायची

बेलापूरच्या ज्या इमारतीत मी बरी होत होते, तिथे मला पूर्वीपासून ओळखणारं कुणी नव्हतं. म्हणूनच ती जागा घेतली होती. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून बिनपगारी रजा काढली होती आणि अर्जात कारण हर्निया लिहिलं होतं. प्रत्यक्षात दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुरुषाचं शरीर म्हणून जे होतं ते गेलं होतं; बाईचं म्हणून जे मिळालं होतं ते अजून टाक्यांत होतं. दिवसातून दोनदा टबातल्या कोमट पाण्यात बसायचं आणि उरलेला वेळ रबरी कड्यावर बसून काढायचा.

जवळच्या दिवाळे गावची एक कोळीण दर दोन दिवसांनी मासे घेऊन दारावर यायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. एकदा दार उघडायला मला वेळ लागला, तेव्हा तिने माझी चाल पाहिली, मग आतला टब आणि ते कडं पाहिलं.

"पिशवी काढली काय गो बाय?"

गर्भाशय काढण्याला बायका असंच म्हणतात. मी हो म्हणाले. घाईत तोंडून निघून गेलं, असं झालं नाही. विचार करायला पुरेसा वेळ होता.

त्यानंतर ती आत येऊन बसू लागली. मासे साफ करून द्यायची, पाण्याची बादली मला उचलू द्यायची नाही. "येवरी उंच बाय, आनी जेवते चिमनीवानी," असं चिडवायची. एक बाई दुसरीवर हक्काने ओरडते तशी ती माझ्यावर ओरडायची. माझ्यावर तसं आधी कुणी ओरडलं नव्हतं. खरं सांगितलं तर हे बंद होईल, एवढं मला कळत होतं.

पाचव्या आठवड्यात तिने एकदा माशांची पाटी बाहेर ठेवली आणि पदराने तोंड पुसून सांगितलं, की डॉक्टरने तिलाही पिशवी काढायला सांगितलं आहे. दोन वर्षं ती टाळत होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी ती एकटी.

"दुखायला मी भीत नाय," ती म्हणाली. "पाटी कवा उचलायची, तेवरा सांग. डाक्तर बोलतो तीन महिने. तो काय पाटी उचलतो?"

डेस्कवर मी वार्ताहरांना विचारायचे, हे तुला कुणी सांगितलं? उत्तर आलं नाही, तर ती ओळ काढून टाकायचे. तिला मी म्हणाले, "तू नसतेस तेव्हा मी बादली उचलते. महिना झाला की उचलता येतं."

बादली मी उचलत होते, एवढंच त्यात खरं होतं.

तिने ऑपरेशन करून घेतलं. महिन्याने पाटी डोक्यावर घेतली, आणि आठवडाभरात बाजारातच रक्त जायला लागलं. पुन्हा दाखल करावं लागलं. तिच्या जागी मासे घेऊन आलेल्या जावेने मला हे दारात सांगितलं.

ती घरी परतल्यावर मी दिवाळ्याला गेले. सांगायचं वाक्य तयार करून नेलं होतं. वर्तमानपत्रात छापलेल्या चुकीबद्दल खुलासा देतात तसं, एका ओळीचं. ती पडवीत खाटेवर पडली होती. उशाशी जाऊ, पायाशी शेजारच्या दोघी.

"बघा," ती त्यांना म्हणाली, "ही सोसायटीतली बाय महिन्यात उठली. आनी मी कोलीन, माझाच अंग नाजूक निघाला!"

सगळ्या हसल्या. तीही हसली, मग पोटावर हात दाबून थांबली.

मी म्हणाले, "प्रत्येकीचं वेगळं असतं." आणि मग, "आता मात्र तीन महिने पुरे कर."

"तू बोलतेस तर करीन," ती म्हणाली.

मी उठले, तेव्हा तिने जावेला वाटीभर सुके बोंबील कागदात बांधायला सांगितलं. मी ते घेतले.