राजगिऱ्याएवढा दात

चित्रकला मी बडोद्यातच शिकले आणि लग्न होऊन बडोद्यातच राहिले. ती नव्वदनंतरची वर्षं. माझे यजमान शहराच्या गोरवा भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे परदेशी कंपन्यांची कामं यायला लागली होती आणि ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. हाताची सवय मोडू नये म्हणून मी सोसायटीतल्या लोकांना दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवून देई. मराठीत थोड्या, गुजरातीत जास्त.

दोन टेनामेंटं, म्हणजे आमच्यासारखीच बैठी घरं, सोडून विद्यापीठातले एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक राहत. मी त्यांना सर म्हणे, ते मला वहिनी. एका सकाळी ते आमच्या ओट्यापाशी थांबले. मी वाळत ठेवलेली एक पाटी उचलून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कडेची वेलबुट्टी अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

"वहिनी, हे हातानं काढलंत?"

"हो."

"मग माझं एक काम कराल? एक दात काढायचाय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग, डेंटिस्ट मागच्या गल्लीत बसतो."

सर इतके हसले की त्यांना ओट्यावरच्या हिंचक्यावर, झोपाळ्यावर, बसावं लागलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. कच्छमधून आणलेला खडक ते पाण्यात भिजवून मऊ करत, चाळणीतून गाळत आणि उरलेला गाळ विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली कण कण करून निवडत. त्यात माशांचे खवले निघाले, सरड्यांच्या जबड्यांचे तुकडे निघाले आणि एक असा दात निघाला, जो आजवर कुणी पाहिला नव्हता. डायनासोरांच्या काळातल्या, चिचुंद्रीएवढ्या एका प्राण्याचा. सस्तन प्राण्यांच्या अगदी जवळचा, पण पुरता सस्तन नाही. नव्या प्राण्याचं वर्णन छापायचं तर नीट चित्र लागतं, फोटोत सगळं येत नाही.

"म्हणजे आपला पूर्वज?" मी विचारलं.

"पूर्वज नाही म्हणता यायचं. चुलत घराणं. आपलं पुढे चाललं, त्यांचं थांबलं."

संध्याकाळी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "जा ने. घरी बसून पाट्याच रंगवणार का?"

विद्यापीठातल्या सरांच्या खोलीत पहिल्या दिवशी मला तो दात दिसलाच नाही. टाचणीच्या डोक्यावर डिंकाच्या थेंबात बसवलेला एक काळसर कण. राजगिऱ्याचा दाणा असतो ना, तेवढा. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि डोंगरच समोर उभा राहिला. मधे एक उंच शिखर, पुढे एक बुटकं, मागे दोन, सगळी एका ओळीत. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशातून दात आणि कागद एकावर एक दिसत, म्हणजे पेन्सिल दाताच्या कडेवरूनच फिरवायची. मग शाईनं ठिपके. रेघ नाही, छटा नाही, नुसते ठिपके. सावली हवी तिथे दाट, उजेड हवा तिथे विरळ.

मी काढत असताना सर वर्णन लिहीत आणि प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवत. एका शिखराचा शेंडा तुटलेला होता. मी तो शेंडा पुरा करून टाकला, छान निमुळता. सरांनी चित्र पाहिलं.

"हे टोक तुम्ही पाहिलंत?"

"नाही. पण असंच असणार."

"असणार ते मी लिहीन वहिनी. तुम्ही फक्त आहे ते काढा."

ते रागावले नव्हते, पण मी कागद बदलला. कॉलेजात मला असं कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर तुटलेली कड काढताना ती किती सुंदर आहे, तेही मला दिसलं.

सासूबाईंना राहवेना. "एवढं काय आहे त्या दातात, मला दाखव तरी," म्हणून त्या एक दिवस रिक्षातून माझ्याबरोबर आल्या. बराच वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "हा पिलांना दूध पाजत असेल का हो?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "आई, ह्याच प्रश्नावर मोठमोठी माणसं भांडतात. दूध पिणाऱ्या पिलांना सुरुवातीला दात लागत नाहीत, म्हणून दुधाचे दात पडून एकदाच नवे येत होते का, हे कळलं तर थोडा अंदाज बांधता येतो. पण त्याला अख्खा जबडा हवा."

"मग जबडा शोधा," असं म्हणून त्या वळल्या आणि त्यांच्या कोपराचा धक्का टेबलाला लागला. टाचणी आडवी झाली. तिच्या डोक्यावर आता फक्त डिंक होता.

"कुणी हलू नका," सर म्हणाले. सासूबाई जागच्या जागी पुतळ्यासारख्या उभ्या. सरांनी पंखा बंद केला, भिंग घेऊन ते गुडघ्यांवर बसले आणि फरशी इंच इंच पाहू लागले. मी टेबल पाहत होते. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे झालं," एवढंच त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात माझी नजर चित्रावर गेली. सावलीच्या भागात एक ठिपका जरा जाड होता. मी इतका जाड ठिपका देतच नाही. मी न हलता म्हटलं, "सर, इथे या."

तो दात स्वतःच्याच चित्रावर पडला होता. सरांनी ओल्या ब्रशच्या टोकानं तो उचलला, डबीत ठेवला, डबीला झाकण लावलं आणि मगच बोलले. "चहा मागवू या," म्हणाले. सासूबाईंनी दोन कप घेतले.

पुढच्या वर्षी ते वर्णन छापून आलं. प्राण्याला कच्छमधल्या त्या गावावरून नाव मिळालं, माझ्या चित्राला अर्धं पान मिळालं आणि शेवटी आभारांत माझं नाव बारीक अक्षरात. त्यानंतर मी कितीतरी वर्षं सरांसाठी चित्रं काढली, माशांचे जबडे, मगरींचे दात, एक बेडकाचं हाड. डोळ्यांना चष्मा लागला, तोवर ते काम संगणकावर होऊ लागलं होतं आणि मी खुशीनं थांबले.

तो लेख छापलेला अंक आला त्या संध्याकाळी यजमान मुद्दाम लवकर घरी आले. सर येताना सगळ्यांसाठी सेव-उसळ घेऊन आले होते. सासूबाईंनी चष्मा लावून, अडलेले इंग्रजी शब्द मला विचारत, अख्खा लेख वाचून काढला होता.

"सगळीकडे 'बहुधा', 'बहुधा'," त्या म्हणाल्या. "ठामपणे काहीच नाही का लिहिता येत?"

"ठाम होतं तेवढं ठाम लिहिलंय, आई."

यजमान चित्र उजेडात धरून पाहत होते. "आणि हा खायचा काय?"

सरांनी तोंड उघडलं, पण सासूबाईंनीच सांगून टाकलं. "किडे, बहुधा." आणि त्यांनी आपली वाटी आणखी रश्श्यासाठी पुढे केली.