जाऊबाई काय म्हणाल्या

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, देवापुढे तर मुळीच नाही — त्याच्याच दारात घडली ना ती! तुम्हाला सांगतेय, ते तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. आणि आधीच सांगून ठेवते, मी मनाची चांगली बाई आहे असं वाटावं असं यात काही सापडणार नाही. शोधत बसू नका.

जाऊबाई मला कधीच आवडल्या नाहीत. आजही आवडत नाहीत. लग्नाआधी मी भिवंडीत शाळेवर इंग्रजी शिकवायचे. शेजारच्या पूर्णा गावात नांदायला आले आणि वर्षभरात नोकरी सुटली. सुटली म्हणजे काय — त्यांनी सोडवली. शेतं गोडाऊनला गेलेली, दारात दोन गाड्या, आणि आपल्या घरच्या बाईने डबा घेऊन ड्युटीला जायचं? शोभतं का? एवढंच त्या मोठ्या दिरांच्या कानात बोलल्या आणि घरात निकाल लागला. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. ती अजून वर आलेली नाही.

मला तिबेट बघायचं होतं. कैलासाची परिक्रमा हे घरच्यांना सांगायचं कारण. खरं म्हणजे मला ते पठारावरचे मठ हवे होते, आणि ‘वैशाली, चहा टाक’ असं कुणी म्हणणार नाही असे पंधरा दिवस. टूर मी शोधली, फॉर्म मी भरले, सहा महिने पहाटे खारबावच्या रस्त्याला चालून पाय मी तयार केले. सगळं ठरल्यावर दीर म्हणाले, एकट्या बाईला कसं पाठवायचं, हिलाही ने. झालं! जाऊबाईंच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी, नखंसुद्धा रंगवलेली. नाक्यावर दोघींचा बॅनर — यात्रा पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आम्ही अजून घरातून निघालोही नव्हतो. बॅनरवर त्यांचा फोटो माझ्या दुप्पट होता.

आमचा गाईड तिबेटी होता. कमी बोलणारा, उन्हाने रापलेला माणूस. त्याला हिंदी येत नव्हती, इंग्रजी कामापुरती. जाऊबाईंना आपली मराठी आणि बाजारातली हिंदी. म्हणजे त्याच्याशी बोलायचं, तर त्यांना माझ्याशिवाय तोंड नव्हतं. मला त्याची गंमत वाटायची — हो, वाटायची. मठात गेलो की मी कोपऱ्यात बसायचे. भिक्षूंचं घोगरं पठण, तुपाचे दिवे, काळ्या पडलेल्या भिंती — आणि मध्येच माझी बाही ओढली जायची. विचार ना गो त्याला, ह्यो देव कुठला? विचार ना, यांच्या चहात मीठ कशाला? मी विचारायचे. उत्तर मात्र त्यांना अर्धंच सांगायचे. तिथूनच सवय लागली असेल का? नाही, सवयीवर ढकलत नाही.

नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. रोज सकाळी गाईड प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावणार. आकडा फार पडला, की त्या माणसाने खाली जायचं, आणि त्याच्या खोलीतल्या जोडीदारानेही सोबत उतरायचं. माझी जोडीदार कोण, हे सांगायला नकोच. कळलं ना, मी कुठे चाललेय? मलाही कळतंय, म्हणून तर पाय ओढत चाललेय.

परिक्रमेचा दुसरा दिवस. त्या दिवशी सगळ्यात उंच खिंड चढायची होती. रात्रीत जाऊबाईंना दोनदा उलटी झाली होती. सकाळी बाकीचे काठ्या घेऊन बाहेर उभे, खोलीत आम्ही दोघी आणि गाईड. मशीनवरचा आकडा साठाच्याही खाली. त्याने दुसरं बोट घेतलं. तेच. मग तो मला म्हणाला, यांना विचारा — डोकं दुखतंय का, उलटी झाली का, वर जायला जमेल का.

मी विचारलं. नीट विचारलं. जाऊबाईंनी माझा हात धरला.

“वैशाली, माजा जीव घाबरतंय गो. डोकं फुटतंय. त्याला सांग, मना न्हाय जमायचं. मना खाली ने.”

आणि मी गाईडकडे वळून इंग्रजीत सांगितलं — त्या म्हणतात, मी ठीक आहे, झोप छान लागली, मला वर जायचंय.

सांगितलं एकदाचं.

त्याला पटलं नाही. त्याने मशीनकडे बोट दाखवलं. मी जाऊबाईंची बोटं उलटी करून त्याला नखं दाखवली. मेंदी, म्हटलं. आमच्याकडे लावतात, मशीन त्याने चुकतं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांना सरळ रेषेत चालवून दाखवा म्हणाला, तेव्हा मी त्यांचं कोपर घट्ट धरून चार पावलं चालवलं. काय बोल्ला तो, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तो म्हणतो हे सगळ्यांनाच होतं, चालायला लागलं की बरं वाटतं. त्या बिचाऱ्या बूट घालायला वाकल्या. बिचाऱ्या — हा शब्द मला त्या दिवशी सुचला नव्हता.

मनात काय होतं म्हणता? नोकरी घेतलीत, आता ही खिंड नाही घेऊ द्यायची. एवढंच होतं. त्या मरतील असं वाटलं नव्हतं, पण मरू नयेत असंही काही वाटलं नव्हतं.

खिंड वर दिसायला लागली, रंगीत पताका फडफडताना दिसल्या, आणि जाऊबाई दगडावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. तोंडातून शब्द फुटेना. बाकीच्यांना गाईडच्या मदतनीसाबरोबर पुढे पाठवून आम्ही मागे फिरलो. तेव्हासुद्धा मी एकदा वळून त्या पताकांकडे पाहिलं. राग आला मला. जाऊबाईंचाच.

त्या वाचल्या. मेंदूला सूज आली होती, डॉक्टर म्हणाले, काही तास आधी खाली आणायला हवं होतं. आता त्यांचा डावा पाय ओढतो, जिना चढताना भिंत धरावी लागते. बोलता बोलता साधे शब्द हरवतात — कढई, चावी, नातवाचं नाव. मी शब्द पुरवते. आल्यागेल्याला त्या सांगतात, हिच्यामुळे मी जित्ती हाय. गावातल्या बाया आपल्या सुनांना माझा दाखला देतात. मी ऐकते, चहा ठेवते. आणि खरं सांगू? त्या असं म्हणाल्या की मला त्यांचा आणखीच तिटकारा येतो.

परत आल्यावर दिरांनी टूरवाल्यांकडे तक्रार करायची ठरवली. हॉलमध्ये सगळे जमलो. गाईड काय म्हणाला होता, असं त्यांनी जाऊबाईंना विचारलं. त्यांना जे माहीत होतं तेच त्या अडखळत बोलल्या — तो बोल्ला, सगल्यांना व्हतं, चाललं का बरं वाटंल. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. हो, असंच म्हणाला, मी म्हटलं.

पत्र मीच लिहिलं. घरात इंग्रजी आणखी कुणाला येते? गाईडने आजारी बाईला बळजबरीने वर चालवलं, असं लिहिलं. दिरांनी विचारलं, ही पडली तेव्हा तो कुठे होता? मी लिहिलं, तो जागेवर नव्हता. महिन्याभरात उत्तर आलं, त्याला काढून टाकलंय. मी ते सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं. एकही शब्द बदलला नाही. दीर म्हणाले, बरं झालं, माज उतरला असेल.

तो जागेवर होता. त्याने जाऊबाईंना स्वतःच्या पाठीला बांधलं आणि दगडधोंड्यांतून खाली उतरवलं. दोनदा गुडघ्यावर आपटला, पण त्यांना पडू दिलं नाही. मी मागून त्यांची काठी घेऊन चालत होते. खाली पोचल्यावर तो धापा टाकत माझ्याकडे वळला आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला — मला माफ करा, मॅडम, मला कळायला हवं होतं.